६३ लेख आणि चार वाकडे कंदील

सहकारनगरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून आपण त्यांना ‘कात्रीवाली’ म्हणू. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी हस्तकलेचा मराठी ब्लॉग सुरू केला. आजवर ६३ लेख झाले. क्विलिंग (कागदी पट्ट्यांची नक्षी), क्रोशाची तोरणं, रंगवलेल्या बाटल्या, मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं काम), रुखवत, आकाशकंदील, मध्येच घरगुती साबणही. रोज वाचणारे पंधरा-वीस, त्यातले निम्मे घरचेच. कंदिलाच्या लेखाखाली मात्र चार अनोळखी बायकांनी लिहिलं, “ताई, आमचा वाकडा झाला.” ताईंचे प्रश्न तीन आहेत: ५५ हजारांचा कॅमेरा बघून ठेवलाय तो घ्यावा का, ब्लॉग वाढवून देणारा एक महागडा कोर्स लावावा का, आणि यातून पैसे कधी सुटतील?

कात्रीवाली ताई, कॅमेरा नको आणि कोर्सही नको. तुमच्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती त्या चार तक्रारी. चार बायकांनी कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ काड्या आणल्या, कागद आणला, दोन संध्याकाळी घालवल्या आणि परत येऊन तुम्हाला कळवलं. असा वाचक मिळायला लोकांना वर्षं लागतात. तुमचा कंदील बघून ‘वा, छान’ म्हणणारी बाई पुन्हा येत नाही. तुमचा लेख वाचून जिचा स्वतःचा कंदील गॅलरीत लागला, ती संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांसाठी परत येते आणि येताना जावेला, शेजारणीला घेऊन येते.

आता तुमचा लेख बघू. तुम्ही लिहिलंय: “कामट्या घेऊन छान सांगाडा बांधून घ्या. आवडीचा कागद लावा. झिरमिळ्या लावल्या की आपला कंदील तयार!” ताई, तुमच्या हातांना हे पुरतं, कारण माप तुमच्या बोटांत आहे. वाचणारीच्या बोटांत ते नाही. मग तिने काय करायचं? तोच कंदील कागदावर कसा उतरायला हवा, ते करूनच दाखवतो.

कामट्या २४. प्रत्येक २७ सेंमी लांब, साधारण ३ ते ४ मिमी जाड, पेर मध्ये न येणारी. दोन तरी मोडतात, म्हणून विकत घेताना २६. पुण्यात बुरूड आळीत मिळतील. तिथे ‘कंदिलाच्या कामट्या’ एवढंच सांगितलं तरी चालतं, पण लांबी आपण सांगायची. प्रत्येक कामटीला दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलने खूण करायची. बांधायचं ते खुणेवर, टोकावर नाही. म्हणजे बाजू बरोबर २५ सेंमीची होते. हे एक वाक्य तुमच्या लेखात नाही, आणि वाकडेपणाची सुरुवात तिथेच झाली आहे. कोणी टोकाला बांधतं, कोणी दोन सेंमी सोडून. एकाच कंदिलात २४ आणि २६ सेंमीच्या बाजू आल्या की सांगाडा पिळवटणारच.

आधी चार-चार कामट्यांचे चार चौकोन. ते कोनावर उभे धरायचे, शंकरपाळ्यासारखे, आणि शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोन एकमेकांना बांधत गोल पुरा करायचा. वर चार टोकं दिसतील, ती चार कामट्यांनी जोडायची. खालची चार उरलेल्या चार कामट्यांनी. आता सांधे मोजायचे. ते १२ भरतात आणि प्रत्येक सांध्यावर चार कामट्या येतात. कुठे तीनच दिसल्या तर एक कामटी राहिली आहे. अशी पडताळणी लेखात दोन-तीन ठिकाणी असली की वाचणारीला शेवटपर्यंत अंधारात चाचपडावं लागत नाही. तयार सांगाड्याची उंची ३५ सेंमीच्या आसपास आणि मधली रुंदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५० सेंमी भरते. हेही आधीच सांगा, नाहीतर गॅलरीचा हूक भिंतीला चिकटून असला की कंदील टांगायच्या वेळी रडायची पाळी येते.

वाकडेपणाचं दुसरं कारण जरा खोलात आहे. काड्यांचा त्रिकोण बांधला की तो जागचा हलत नाही. चौकोन हलतो, दाबला की तिरपा होतो. या कंदिलात आठ त्रिकोण आहेत, पण सहा चौकोनही आहेत, त्यामुळे नुसता सांगाडा हातात घेऊन पिळला तर अख्खा पिळवटतो. बांधणाऱ्याला वाटतं गाठी सैल पडल्या. गाठी कितीही घट्ट मारा, तो पिळवटेलच. उपाय साधा आहे: वरच्या आणि खालच्या चौकोनात समोरासमोरच्या कोनांना पांढरा सुती दोरा ताणून बांधायचा, दोन्ही कर्णांवर. दोन्ही कर्ण ३५.४ सेंमी भरले की चौकोन काटकोनात आला. बाजूचे चार चौकोन कागद सुकून ताणला की ताठ होतात. तोवर त्यांचेही कर्ण मोजत राहायचं आणि सांगाडा सपाट जागेवर ठेवायचा, दाराच्या कडीला टांगायचा नाही. टांगला तर ओला कागद वाकड्या आकारातच सुकतो आणि मग तो सरळ करता येत नाही.

कागद पतंगाचा. दीड सेंमीची दुमड धरून चौकोन २८ सेंमीचे, चार. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच, उष्णता जायला आणि बल्ब बदलायला. आता त्रिकोण. इथे भलेभले चुकतात. बाजू २५, दुमड दीड आणि दीड, म्हणजे २८, असा हिशेब चौकोनाला चालतो, त्रिकोणाला नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना दीड सेंमी वाढवायचे तर बाजू ३०.२ सेंमी घ्यावी लागते, कारण टोकाचा कोन अरुंद असतो आणि वाढीव पट्टी तिथे लांबवर जाते. २८ ने कापलं की एका बाजूला दुमड उरतच नाही, मग ओढाताण, मग फाटणं. असे त्रिकोण आठ.

या त्रिकोणाचा साचा वाचणारीला छापून घेता येईल असा द्या. पूर्ण त्रिकोण ए-फोर कागदावर मावत नाही. अर्धा मावतो, १५.१ बाय २६.२ सेंमी. पतंगी कागद दुमडायचा, दुमडीवर अर्धा साचा ठेवायचा, कापायचं. साच्याच्या कोपऱ्यात बरोबर ५ सेंमीची रेघ काढा आणि खाली लिहा, ‘छापल्यावर ही रेघ पट्टीने मोजा’. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवून छापतो आणि साचा गुपचूप लहान होतो. ही रेघ नसेल तर दोष तुमच्या मापांवर येतो.

खळ: दोन टेबलस्पून मैदा, एक कप पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, गार करून गाळायचं. कागदाला फासायची नाही. कामटीला आणि दुमडीच्या कडेलाच लावायची. पतंगी कागद मधोमध ओला झाला की बोटाने भोक पडतं. पूर्ण सुकल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की कागद पुन्हा सुकताना ताणला जातो आणि सुरकुत्या जातात. गडद रंगाचा कागद रंग सोडतो का, हे आधी कपट्यावर बघायचं. (पुस्तकं बांधणारे बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट घालतात. ते विषारी आहे. मुलं हात घालणार असलेल्या कृतीत ते लिहू नका.) बल्ब ५ वॉटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब या कागदाजवळ नको, हे ठळक अक्षरात.

हे एवढं लिहिलं की लेख दीड हजार शब्दांचा होईल. होऊ दे. लांब आहे म्हणून कोणी सोडून जात नाही. कंदील करायला बसलेली बाई खळीचे हात पुसून पुन्हा पडद्याकडे बघते, तेव्हा तिला जागा चटकन सापडली पाहिजे, बस्स. म्हणून साहित्य एका ठिकाणी, मापं आकड्यांत, प्रत्येक टप्प्याला फोटो, आणि सुरुवातीची ‘दिवाळी म्हटलं की आठवतं ते बालपण’ ही तीन परिच्छेदांची पायघडी गुंडाळून ठेवा.

लिहून झालं की छापण्याआधी चाचणी. तीन जणींना द्या: एक हाताने करणारी, एक कधीच न केलेली आणि एक आठवी-नववीतलं पोर. अट एकच, तुम्हाला फोन करायचा नाही. जिथे अडकतील तिथे कागदावर फुली मारायची आणि घड्याळ लावून वेळ लिहायची. दोघींची फुली एकाच ओळीवर पडली तर ती ओळ चुकीची आहे, त्या दोघी नव्हेत. ‘सोपा आहे, तासाभरात होतो’ असं तुम्ही लिहिलंय. आमचा अंदाज, पहिल्यांदा करणारीला सांगाड्याला दीड-दोन तास, कागदाला तेवढेच आणि वर रात्रभर सुकणं. चाचणीतला खरा वेळच छापा.

आता ६३ लेखांचं काय? साबण काढून टाका. त्यातल्या कॉस्टिक सोड्याचं माप चुकलं तर लोकांची कातडी भाजते, ते तुमचं क्षेत्र नाही. बाटल्या, मॅक्रमे, क्विलिंग यांवर हिंदी-इंग्रजीत ढीग पडलाय, तिथे तुमचा निभाव लागणं अवघड. पण मराठी घरातल्या सणाच्या वस्तू, म्हणजे कंदील, हलव्याचे दागिने, गौरीची सजावट, रुखवत, पोळ्याचे मातीचे बैल, यांची नीट मापाची मराठी कृती शोधणारीला आजही सहज सापडत नाही. तुमच्या यादीत असे दहा-बारा लेख असतील. तेवढेच घेऊन वर सांगितल्यासारखे पुन्हा लिहा. बाकीचे राहू देत, नवे मात्र त्या वाटेने नकोत. महिन्याला दोन लेख पुरे. सात महिन्यांत ६३ म्हणजे आठवड्याला दोन, आणि त्या वेगात चाचणी होणं शक्यच नाही.

सणाचं काम असल्यामुळे तारीख फार महत्त्वाची. लेख टाकल्या टाकल्या शोधात वर येत नाही, त्याला काही आठवडे लागतात. आणि लोक सामान सणाच्या पंधरा दिवस आधी आणतात. म्हणून सणाच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी लेख चढलेला हवा. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, म्हणजे कंदील ऑगस्टमध्ये चढवायचा आणि चाचणी जुलैत. पावसात खळ सुकत नाही, हा अनुभव तुमच्या वाचकांनाही येईल का तेही त्यात कळेल. हलव्याचे दागिने नोव्हेंबरच्या सुरुवातीला. रुखवत तुळशीच्या लग्नाआधी, कारण लग्नाची खरेदी तिथून सुरू होते. गणपतीच्या सजावटीत थर्माकोल नको. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे आणि तुमच्या एका मखराच्या लेखात तो अजून आहे. पुठ्ठ्याचं करून पुन्हा लिहा. दरवर्षी नवा लेख टाकू नका. जुन्या लेखाचा तोच वेबपत्ता ठेवून त्यातच सुधारणा करत जा.

मथळा ‘दिवाळीची चाहूल’ असा ठेवलात तर तो कोणी शोधणार नाही. ‘पारंपरिक आकाशकंदील कसा करायचा: २४ कामट्या, ३५ सेंमी उंची’ हे शोधतात. कोणी ‘आकाश कंदील’ सुटं लिहितं, कोणी ‘कंदिल’ ऱ्हस्व. लेखात ही रूपं एकदा-एकदा सहज येऊ द्या, भरताड नको. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि बघणारीला तो फसवा दुवा वाटतो. आणि तुमचे पहिले आठ लेख जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टातून चिकटवलेले दिसतात. ते शोधयंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाहीत. पुन्हा टंकायला हवेत. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोक नेमके कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते तिथे दिसतं. महिन्यातून एकदा बघा, रोज नको.

फोटोला फोन पुरतो. खिडकीजवळ बसा, पण थेट ऊन नको. घरातली ट्यूब बंद, कारण दोन रंगांच्या उजेडात पांढरा कागद निळा-पिवळा दिसतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली मऊ होते. हातांचे फोटो करणाऱ्याच्या खांद्यावरून घ्या, म्हणजे वाचणारीला डावं-उजवं उलटं करावं लागत नाही. पेटलेल्या कंदिलाचा फोटो सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, आकाश निळं असताना. पडद्यावर कंदिलाच्या कागदावर बोट ठेवून उजेड कमी करायचा. रुंदी १२०० पिक्सेल, आकार २०० केबीच्या आत. फोटो तसेच चढवले तर पान उघडायला वेळ लागतो आणि ती बाई मागे फिरते. ५५ हजारांतले दोन हजार खर्च करून तिपाई घ्या.

पैशांचं स्पष्ट सांगतो. गूगलच्या जाहिराती मराठी पानांवर लागतात, पण खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत हाती काही येत नाही, आणि रोजच्या वीस वाचकांवर ते कधी जमतील याची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्यासारख्या कामात आधी पैसे देतात ते वर्ग आणि तयार साहित्याचे संच. वर्गाचा हिशेब असा मांडा: आठ जणी, प्रत्येकी ७००, म्हणजे ५,६००. साहित्य प्रत्येकी १५०, एकूण १,२००. जागा १,०००, चहा-बिस्किटं २००. उरले ३,२००. तीन तास वर्ग आणि पाच तास तयारी धरली तर तासाला ४००. बायका तयारीचे तास मोजत नाहीत आणि मग ‘पुरत नाही’ म्हणतात. संचात २४ नेमक्या कापलेल्या, खुणा केलेल्या कामट्या, कापलेले कागद, दोरा आणि छापील साचा. त्याची किंमत ठरवताना खोका, कुरिअर आणि वाटेत मोडणाऱ्या कामट्या आधी धरा. २७ सेंमीच्या कामट्या कुरिअरच्या पिशवीत मोडतात. पुठ्ठ्याची नळी लागते.

एखाद्या दुकानाने फुकट सामान दिलं आणि तुम्ही त्याबद्दल लिहिलं, तर ते फुकट मिळालं हे लेखात वरच सांगायचं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आणि कोणी तुमची कृती उचलली अशी तक्रार पत्रात आहे. कंदिलाचा आकार कोणाच्या मालकीचा नाही, तो कोणीही करावा. तुमची वाक्यं, तुमचे फोटो आणि तुम्ही आखलेला साचा मात्र तुमचा आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, वेगळी नोंदणी न करताही. त्याच न्यायाने तुमच्या रुखवताच्या लेखातले ते तीन परदेशी फोटो आजच उतरवा.

बाकी कामाला लागण्याआधी त्या चौघींना उत्तर लिहा. उशीर झाल्याबद्दल दिलगिरी, आणि एकच विचारणा: सांगाडा अजून माळ्यावर असेल तर वरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून कळवाल का? एकीचं ३३ आणि ३७ असं काहीतरी येईल. जुलैतल्या चाचणीला तिलाच घ्या, आणि कामट्या पाठवताना २६ पाठवा.